पडद्यापलीकडची खुर्ची

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल नाहीतर पिशवी टाकून जागा धरण्यात आपल्या बायकांचा हात कोण धरणार! रेल्वेच्या बायकांच्या डब्यात तिघींच्या बाकावर चौथीला ‘जरा सरका हो’ म्हणत टेकायला जागा करून देण्यातही आपण पटाईत. पण विमानाचा विषय निघाला, की याच बायका एकदम गप्प होतात. तिकीट मुलाने काढलेले, जागा जावयाने निवडलेली, पासपोर्ट यांच्या खिशात. आपण आपले पदर सावरीत मागोमाग चालायचे, आणि जिथे बसवतील तिथे बसायचे!

हल्ली आमच्या साताऱ्यासारख्या गावातूनही दर दोन-चार घरांआड एखादे मूल परदेशी असते. मग कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी नातवंडे सांभाळायला, पन्नाशी-साठीत पहिल्यांदा विमानात पाऊल टाकते. पहिलाच प्रवास नऊ-दहा तासांचा. या निमित्ताने गेल्या काही वर्षांत मीही चार वेळा हा समुद्र ओलांडला. आमच्या भिशीच्या दिवशी मैत्रिणी सगळ्यात जास्त काय विचारतात, सांगू? लंडनची राणी नाही, म्युझियम नाही. विचारतात, “अगं, ते पुढे पडद्याआड बसतात ते कोण? आणि फुकटात तिकडे बसवतात म्हणे कधी कधी, ते खरं का?”

खरे आहे. पण त्याची रीत समजून घ्यायला हवी. म्हणून हा लेख.

विमान म्हणजे एक वाडा

मोठ्या विमानाकडे मला नेहमी जुन्या वाड्यासारखे पाहावेसे वाटते. दर्शनी भागात दिवाणखाना, तिथे गाद्या-लोड, मग सोपा, मग माजघर, आणि अगदी मागे, जिथे सगळ्यांची वर्दळ, तिथे न्हाणीघराशेजारी आपण! काही थोड्या कंपन्यांच्या विमानांत सर्वात पुढे पहिला वर्ग असतो. त्यामागे बिझनेस क्लास. काहींत मग मधला एक वर्ग, त्याला प्रीमियम इकॉनॉमी म्हणतात. आणि उरलेला सगळा लांबच लांब भाग म्हणजे इकॉनॉमी. आपण बहुतेकजणी तिथल्या.

इकॉनॉमीत पुढच्या खुर्चीच्या पाठीपासून आपल्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचे अंतर बहुधा ३० ते ३२ इंच असते. त्यातच खुर्ची आली, आपण आलो आणि आपले गुडघेही आले! बिझनेस क्लासमध्ये लांबच्या प्रवासाला आता बहुतेक ठिकाणी खुर्ची पूर्ण आडवी होते, चक्क पलंग होतो. तिकीट मात्र अनेकदा तिप्पट-चौपट. दोन्हींच्या मध्ये काय, तर वावभर लांबीचा एक पडदा. विमान उडून स्थिर झाले, की हवाई सुंदरी तो सर्रकन ओढून घेते.

हे वर्ग काही पहिल्यापासून नव्हते बरे का. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आपले छोटेसे विमान घेऊन उतरले, तेव्हा त्यात टपालाच्या पिशव्या होत्या. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनीव्हा करीत लंडनला गेले. त्या काळी विमानात बसणे म्हणजे संस्थानिकांचे आणि बड्या व्यापाऱ्यांचे काम. अटलांटिक समुद्रावरच्या प्रवासात स्वस्त असा ‘टुरिस्ट’ वर्ग १९५२ साली आला आणि ‘इकॉनॉमी’ १९५८ साली. बिझनेस क्लास तर त्याहून धाकटा, १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला. पूर्ण भाडे भरणारे कामकाजी लोक कुरकुर करू लागले, की आम्ही जास्त पैसे मोजतो आणि स्वस्त तिकीटवाल्यांच्या गर्दीत बसतो! त्यांच्यासाठी मधोमध हे दालन काढले गेले.

१९७१ साली एअर इंडियाचे पहिले जंबो जेट ‘एम्परर अशोक’ आले, तेव्हा त्याच्या प्रत्येक खिडकीला बाहेरून राजस्थानी झरोक्याची महिरप रंगवलेली होती. आत साडी नेसलेल्या हवाई सुंदऱ्या. त्यांच्या साड्या आणि त्यांचे हास्य सगळ्यांना दिसे. त्यांच्या नोकरीच्या अटी मात्र फार थोड्यांना ठाऊक होत्या. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी सोडायची, आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी नोकरी सोडायची! नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी हवाई सुंदऱ्या हे गाऱ्हाणे घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९८१ साली न्यायालयाने ती गरोदरपणाची अट रद्द केली. लग्नाची अट मात्र तेव्हा तशीच राहिली. लेकींच्या बाळंतपणाला विमानाने निघालेल्या आपणा बायकांनी हे एवढे तरी लक्षात ठेवावे, असे मला वाटते. आपल्याला पाणी आणून देणारीला एके काळी आई होण्याची किंमत नोकरीने मोजावी लागत होती.

जागा वर का सरकते?

आता मूळ प्रश्न. विमान कंपनी कुणाला फुकट पुढे का बसवील? त्यांना काय आपला पुळका आला आहे?

नाही. हे गणित आपल्याला लग्नाच्या पंगतीवरून चटकन कळेल. आपण पाचशे पत्रिका वाटतो आणि स्वयंपाक चारशेंचा सांगतो. का? शंभरजण येणार नाहीत, हा अनुभव. विमान कंपन्यांचेही तसेच. प्रत्येक खेपेला काही उतारू आयत्या वेळी येतच नाहीत. रिकामी खुर्ची म्हणजे बुडालेले पैसे. म्हणून त्या खुर्च्यांपेक्षा चार-दोन तिकिटे जास्तच विकतात. पण एखाद्या दिवशी सगळे पाहुणे हजर होतात! मग पानांना माणसे जास्त. अशा वेळी मागे गर्दी आणि पुढे दिवाणखान्यात दोन-चार खुर्च्या रिकाम्या असल्या, तर मागच्या काहींना पुढे सरकवायचे आणि त्यांच्या जागा जादा आलेल्यांना द्यायच्या, हा त्यांना सर्वात स्वस्त पडणारा मार्ग. यालाच ‘अपग्रेड’ म्हणतात. म्हणजे ती बक्षिसी नसते, पंगतीची सोय असते.

पुढे कुणाला सरकवायचे याची यादी बहुधा संगणकच लावतो. त्या कंपनीने वारंवार प्रवास करून जे वरच्या पायरीचे सभासद झालेले असतात ते पहिले. मग ज्यांनी तिकिटाला जास्त पैसे मोजलेत ते. ‘जास्त पैसे’ म्हणजे बिझनेसचे नव्हे हं! इकॉनॉमीतही दहा तऱ्हेची भाडी असतात. तारीख बदलता न येणारे तिकीट सर्वात स्वस्त. बदलता येणारे महाग. दोघांनाही खुर्ची सारखीच, जेवण सारखेच. पण यादीत महागवाला वर. एकटा प्रवासी असेल तर त्याला सरकवणे सोपे. जोडपी आणि मुलाबाळांची कुटुंबे तोडायला कंपनी सहसा धजत नाही.

सहसा म्हटले, कारण आमचे जोडपे तोडले गेले!

एकच जागा आहे, काकू

लेकीचे हे दुसरे बाळंतपण. दिवस कधी भरतील त्याचा भरवसा नाही, म्हणून तिने आमची तिकिटे तारीख बदलता येणारी काढली होती. फेब्रुवारीचा महिना. रात्री अकराला आम्ही मुंबईच्या विमानतळावर पोचलो. २०१४ साली सुरू झालेली ती नवी इमारत, मोराच्या पिसाऱ्यावरून बेतलेले तिचे ते उंच पांढरे खांब, मला दर वेळी पाहतच राहावेसे वाटतात. यांना मात्र तिथे पोचल्यापासून सामानाचे वजन दिसत असते.

काउंटरवरची मुलगी मराठीच होती. आमचे पासपोर्ट तिने पाहिले, पडद्यावर पाहिले, फोनवर कुणाशी बोलली. मग हळू आवाजात म्हणाली, “काकू, मागचा भाग पूर्ण भरलाय. तुम्हा दोघांपैकी एकाला पुढे बिझनेसमध्ये देता येईल. पैसे नाहीत त्याचे. पण एकच जागा आहे. कोण जाणार?”

मी म्हटले, “यांना द्या.” हे म्हणाले, “हिला द्या.” दोघांचे एकदमच!

ती हसली. मी यांना म्हटले, “अहो, तुमची उंची बघा. तुमचे पाय मावत नाहीत मागे. मला काय, कुठंही चालतं.”

‘मला काय, कुठंही चालतं.’ मैत्रिणींनो, हे वाक्य आपण आयुष्यात किती वेळा म्हणतो, कधी मोजले आहे? तुटकी पोळी आपल्याला चालते. मोटारीत मधली जागा आपल्याला चालते. लग्नघरी सतरंजीचा कोपरा आपल्याला चालतो. बोलायला ते इतके सवयीचे झालेले असते, की त्यात त्याग वगैरे काही आहे असे आपल्यालाही वाटत नाही आणि दुसऱ्यालाही.

पण त्या रात्री हे म्हणाले, “अगं, नीट विचार कर. उद्या तिथं उतरल्यावर मी काय करणार? पेपर वाचत बसणार. उभं राहायचंय ते तुला. थोरल्याची शाळा तू बघणार, स्वयंपाक तू करणार, रात्री पोरीजवळ तू जागणार. मग झोप कुणाला पाहिजे?”

मागे रांग होती. ती मुलगी म्हणाली, “काकू, ठरवा.” आणि मी ‘बरं, मला द्या’ म्हटले. इतकेच. पण ते तीन शब्द तोंडातून काढताना मला जड गेले, ते का गेले, याचा विचार मी पुढे कित्येक दिवस करीत होते.

पडद्याआड

पुढच्या भागात शिरताच एका हवाई सुंदरीने माझी पिशवी हातातून घेतली आणि वर ठेवली. वाफाळता रुमाल दिला. खुर्चीच्या बाजूला इतकी बटणे, की मिक्सरच्या माहितीपुस्तकासारखे काहीतरी हाती द्यावे असे वाटले. एक दाबले तर पाय वर गेले, दुसरे दाबले तर पाठ मागे! पलीकडचा तरुण मात्र विमान उडायच्या आधीच डोळ्यांवर पट्टी बांधून झोपी गेला होता. जेवलासुद्धा नाही. ज्याच्यासाठी आपण डोळे विस्फारतो, ते कुणाच्या तरी रोजच्या पायाखालचे असते.

जेवणाची गंमत सांगते. माझे शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवलेले होते, पण ते मागच्या जागेच्या नंबरावर. पुढच्या भागात शाकाहारी ताटे मोजकी, ती संपली. मग त्या मुलीने पडद्यामागे जाऊन माझी मागचीच थाळी आणली आणि पांढऱ्याशुभ्र कापडावर, चिनीमातीच्या बशीत वाढली. जागा दिवाणखान्यातली आणि भाजी माजघरातली! म्हणून सांगते, शाकाहारी असाल आणि आयत्या वेळी जागा बदलली, तर विमानात बसल्याबरोबर जेवणाची आठवण करून द्या. सामानाचेही तसेच. जागा वर गेली तरी वजनाची मर्यादा बहुधा मूळ तिकिटाचीच राहते.

माझ्या शेजारी एक गुजराथी बाई होत्या, माझ्याहून वयाने मोठ्या, एकट्या निघालेल्या. त्या हिंदीत सांगत होत्या, की त्यांच्या पाठीचे दुखणे जुने. दर वर्षी मुलाकडे जातात. तिकीट मुलगा इकॉनॉमीचे काढतो आणि वरच्या जागेसाठी या स्वतःच्या साठवलेल्या पैशातून बोली लावतात. कधी लागते, कधी नाही. “मुलगा म्हणतो, पैसे वाया घालवतेस,” त्या म्हणाल्या, “मी म्हणते, पैसेही माझे आणि पाठही माझी.”

मध्यरात्री पाय मोकळे करायच्या निमित्ताने मी मागे गेले. हे आपले गुडघे एका बाजूला घेऊन, मान वाकडी करून बसलेले. जागेच होते. मला पाहून पहिला प्रश्न, “झोपलीस का?” मी ‘नाही’ म्हटले, तर चिडलेच. “मग काय उपयोग? जा आधी, झोप.” मी परत आले, बटण दाबले आणि आडवी झाले. पाच तास सलग झोप लागली.

पोचल्यानंतरची दुसरीच रात्र. लेकीला आठ दिवस आधीच कळा सुरू झाल्या. जावई तिच्याबरोबर दवाखान्यात, धाकटे पाहुणे येईपर्यंत थोरला माझ्या मांडीवर, आणि पहाटे दवाखान्यातून फोन येताच मी डबा घेऊन तिकडे. माझे पाय सुजलेले नव्हते, डोके जड नव्हते. विमानातल्या त्या पाच तासांचा हिशेब तिथे चुकता झाला. हे मात्र नंतर दोन दिवस सोफ्यावर मान शेकत पडून होते. त्यांना शेक द्यायलाही मीच होते म्हणा!

मिळवायची कशी?

याविषयी ऐकीव गोष्टी पुष्कळ. भारी साडी नेसून जा, काउंटरवर पेढे द्या, लग्नाचा वाढदिवस आहे म्हणून सांगा. गोड बोलणे केव्हाही चांगलेच. पण हल्ली यादी संगणकाची असते आणि काउंटरवरच्या मुलीच्या हातात फारसे काही उरलेले नसते. पेढे घरी आल्यावर वाटा.

खरे मार्ग हे.

पहिला, सभासदत्व. जवळजवळ प्रत्येक मोठ्या विमान कंपनीची नेहमीच्या प्रवाशांसाठी योजना असते आणि बहुतेक योजनांत नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. प्रवास केला की गुण जमतात. त्या गुणांवर जागा वर करून घेता येते किंवा तिकीट मिळते. काही कंपन्या घरच्यांचे गुण एकत्रही करू देतात.

दुसरा, बोली. काही कंपन्या निघण्याच्या काही दिवस आधी ई-मेल पाठवून विचारतात, वरच्या जागेसाठी किती द्याल? त्यात कमीत कमी किती ते दिलेले असते. बोली मंजूर झाली तरच पैसे कापले जातात. ती रक्कम बहुधा दर माणशी आणि एका टप्प्यापुरती असते, हे नीट वाचा. नाहीतर दोघांचे जाऊन-येऊन चौपट होईल!

तिसरा, काउंटरवर सरळ विचारणे. “आज वरची जागा आहे का, आणि कितीला?” विचारायला लाज कसली? भाजीवालीशी आपण दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. कधी कधी शेवटच्या घटकेला ती जागा आधीच्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते. आणि महाग वाटली तर ‘नको’ म्हणायला पैसे पडत नाहीत.

आणि खाली सरकवले तर?

वर जाण्याच्या गोष्टी सगळे सांगतात, खाली येण्याच्या कुणी सांगत नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईंना मुलाने हौसेने बिझनेसचे तिकीट पाठवले होते. विमानतळावर त्यांना सांगितले, खुर्ची नादुरुस्त आहे, तुम्हाला मागे बसावे लागेल. बाई भिडस्त. काही न बोलता मागे जाऊन बसल्या. महिन्याभराने मुलालाच कळले आणि मग पत्रव्यवहार सुरू झाला.

अशा वेळी आपला हक्क काय, तो कागदावर लिहून पर्समध्येच ठेवा. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम केला आहे. कंपनीने तुम्हाला तुमच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवले, तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या करासह रकमेच्या ७५ टक्के परत द्यायचे. परदेशी प्रवासात अंतरावर अवलंबून: १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई-लंडन हे अंतर सात हजार किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे ७५ टक्के.

आणि जागाच नाही म्हणून विमानातच घेतले नाही तर? तिकिटे जादा विकली गेली असतील, तर कंपनीने आधी ‘कोण आपखुशीने थांबतो?’ असे प्रवाशांना विचारायला हवे. कुणी तयार नसेल आणि तुम्हाला थांबवले, तर एका तासाच्या आत दुसरे विमान दिल्यास भरपाई नाही. २४ तासांच्या आत दिल्यास एकेरी मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, पण जास्तीत जास्त २०,००० रुपये. तुमचे तिकीट पक्के असले आणि तुम्ही वेळेवर हजर असलात, तरच हे लागू. म्हणून वेळेआधी पोचा.

अशा वेळी आवाज चढवू नका आणि रडूही नका. कर्मचाऱ्याचे नाव विचारा, ‘जागा का बदलली’ ते लिहून मागा, बोर्डिंग पास फाडून टाकू नका.

हवेतले घर

पुढे बसा की मागे, शरीराला हवा एकच. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडते, पण आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. आपल्या महाराष्ट्राचे सर्वात उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे दहा तास आपण कळसूबाईच्याही वर बसून काढतो! तिथली हवा अतिशय कोरडी. त्यामुळे ओठ फुटतात, घसा सुकतो, आणि जिभेला खारट-गोड चव कमी लागते. ‘विमानातलं जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य’ असे आपण नावे ठेवतो, त्यात निम्मा दोष या हवेचा आणि यंत्राच्या घरघरीचा असतो.

म्हणून थोड्या थोड्या वेळाने पाणी प्या. ‘सारखं उठावं लागतं’ म्हणून पाणी टाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसे करू नका. उठणेच तर हवे! तासन् तास पाय लोंबते ठेवले की पोटऱ्यांत रक्त साकळण्याचा धोका असतो. दर तासा-दीड तासाने एक फेरी मारा, बसल्या जागी घोटे गोल फिरवा. पूर्वी असा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघा. गुडघ्यांचा फार त्रास असेल, तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची सांगून ठेवा. विमानतळावर मैलभर चालणे होते.

सामानाच्या चार गोष्टी. मुंबईहून परदेशी निघताना हातातल्या पिशवीत कोणतेही द्रव १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. तेलाचे लोणचे मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत घट्ट बांधून. मोबाईलची पॉवर बँक मात्र उलट: ती हातातल्या पिशवीतच हवी, मोठ्या बॅगेत नको. आणि आपणा बायकांसाठी खास सूचना, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका! त्यात तेल फार, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून विमानात त्यांना बंदी आहे. दूध-तुपाचे पदार्थ आणि बी-बियाणे कित्येक देश आत येऊ देत नाहीत, तेव्हा त्या देशाचा नियम आधी पाहा. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आपल्याच पर्समध्ये ठेवा, यांच्या बॅगेत नकोत.

शेवटची गोष्ट सर्वात सोपी आणि सर्वात दुर्लक्षित. विमान कंपनीच्या त्या सभासद योजनेत कित्येक घरांतून फक्त नवऱ्याचे नाव असते. बाईचा प्रवास तेवढाच, भाडे तेवढेच. पण तिचे गुण कुठेच जमत नाहीत, कारण नावच नोंदलेले नाही. पुढचे तिकीट निघण्याआधी मुलाला नाहीतर नातीला शेजारी बसवा आणि आपल्या नावाचा, आपल्या पासपोर्टावरच्या स्पेलिंगचा, स्वतःचा नंबर काढून घ्या. तो आपल्या पोस्टाच्या पासबुकासारखा जपून ठेवा. आणि कधी काउंटरवरच्या मुलीने ‘एकच जागा आहे’ म्हणून विचारलेच, तर ‘मला काय, कुठंही चालतं’ म्हणण्याआधी मनात दहापर्यंत आकडे मोजा. उतरल्यावर उभे कुणाला राहायचे आहे, ते आठवा. मग उत्तर द्या.